चांदमारी

मराठीत नेमबाजीच्या जागेला ‘चांदमारी’ असा एक जुना शब्द आहे. निशाणावरील वाटोळ्या खुणेला शिपाईलोक चांद म्हणत आणि त्या चांदावर गोळी मारण्याचे जे ठिकाण ती चांदमारी. कवींनी ज्याच्याकडे पाहून उसासे टाकले, त्याच्याच नावाने शिपायांनी श्वास रोखून धरण्याची विद्या शिकावी, ही गंमत भाषेनेच करून ठेवली आहे. पलटणीचे ठाणे जेथे असे तेथे गावाबाहेर, टेकडीच्या पोटाशी अशी एक जागा राखलेली असावयाची, आणि गावकऱ्यांना तिची ओळख लांबून ऐकू येणाऱ्या आवाजापुरतीच असावयाची. आज मात्र हा शब्द आमच्या बैठकीच्या खोलीपर्यंत येऊन ठेपला आहे. मुलांना नेमबाजी शिकवावी की शिकवू नये, असा प्रश्न आमच्यासारख्या पांढरपेशा कुटुंबांपुढे उभा राहील असे पन्नास वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते, तर आम्ही त्यास हसलो असतो.

प्रश्न आमच्या घरात आला तो आमच्या नातीच्या द्वारे. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन अवस्थांच्या स्पर्धेत, म्हणजे गुडघ्यावर बसून, पालथे पडून व उभे राहून नेम मारण्याच्या स्पर्धेत, ४५१·४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकले. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत मिळविलेल्या कांस्यपदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेले हे पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. बहात्तर वर्षांनी आलेला हा योग पाहून घरोघर आनंद झाला. आमच्या घरातही झाला. परंतु आमची चौदा वर्षांची नात केवळ आनंद मानून थांबली नाही. तिच्या शाळेत राष्ट्रीय छात्र सेनेची तुकडी आहे. तेथील शिबिरात .२२ ची रायफल तिने एकदा पालथे पडून चालविली होती. त्या पाच गोळ्यांच्या बळावर तिने नेमबाजीच्या वर्गास जाण्याची परवानगी मागितली.

घरातील तरुण मंडळींनी ताबडतोब होकार दिला. नकार आला तो आमच्या आत्याबाईंचा. त्यांचे वय आज पंच्याऐंशी. हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि रझाकारांच्या भीतीने गावेच्या गावे रात्री जागी राहत होती, त्या १९४८ सालच्या उन्हाळ्यात त्या आठ वर्षांच्या होत्या. बाहेर बार ऐकू आले की घरातील पोरींना धान्याच्या पेवात उतरवीत. त्या पेवातील कोंदट अंधार आणि ज्वारीचा वास त्यांच्या स्मरणातून अजून गेलेला नाही. सप्टेंबरात फौजा आल्या, निजामाचा अंमल संपला. पण बंदूक म्हणजे काय याचा आत्याबाईंच्या मनातील अर्थ तेव्हा ठरला तो ठरलाच. त्या एवढेच म्हणाल्या, “बाबा, बंदूक घरात आली की ती बसून राहत नसती. ती काम मागती.”

ह्या वाक्याला आम्हांपाशी उत्तर नव्हते. शिवाय ते केवळ म्हातारपणाचे भय आहे असे म्हणण्याचीही सोय राहिली नव्हती. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची अपहरण करून हत्या झाली. ती हत्या बंदुकीने झालेली नव्हती. परंतु तिच्या निमित्ताने ह्या जिल्ह्यातील दांडगाईचा सगळाच हिशेब महाराष्ट्रापुढे मांडला गेला आणि त्यात शस्त्रपरवान्यांची चर्चा निघाली. हवेत गोळ्या झाडणाऱ्या, कमरेचे पिस्तूल मिरविणाऱ्या तरुणांची चित्रे लोकांनी पाहिली. पुढे प्रशासनाने अनेक परवाने रद्द केले. लग्नाच्या वरातीत, वाढदिवसाला किंवा निवडणुकीच्या गुलालात हवेत बार काढणे हा तर स्वतंत्र गुन्हाच आहे. २०१९ साली शस्त्र अधिनियमात दुरुस्ती झाली, तेव्हापासून अशा बारांनी कोणाचा जीव धोक्यात आल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. कायद्याला असे कलम घालावे लागले, यावरूनच रोग किती पसरला होता हे सुज्ञांस कळेल. अशा मुलखात, अशा वेळी, आपल्या घरातील मुलीच्या हाती रायफल द्यावी काय?

उत्तर घरी बसून मिळण्याजोगे नव्हते, म्हणून आम्ही तो वर्ग पाहावयास गेलो. आणि एकदा नव्हे, लागोपाठ चार शनिवार गेलो.

वर्ग भरतो तो एका बंद पडलेल्या जिनिंगच्या पत्र्याच्या कोठीत. जेथे पूर्वी कापसाचे ढीग पडत तेथे आता दहा मीटरांच्या अंतरावर पोलादी पेट्यांत कागदी निशाणे लावलेली असतात. निशाणावरचा काळा चांद साडेतीस मिलिमीटर व्यासाचा. त्याच्या ऐन मध्यावर, दहा गुणांचा, अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. खसखशीचा दाणाही त्याहून मोठा असतो. ह्या ठिपक्यावर साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा हवेच्या दाबाने मारावयाचा, आणि तोही चार-पाच किलो वजनाची रायफल उभ्याने हातात तोलून. शिकविणारे गृहस्थ सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार आहेत. त्यांना बोलण्याची हौस कमी आणि पाहण्याची सवय जास्त.

पहिल्या शनिवारी आम्ही दोन तास बसलो आणि नव्या मुलांपैकी एकाच्याही हाती रायफल आलेली पाहिली नाही. त्यांना जमिनीवरची एक पांढरी रेघ दाखविण्यात आली. ह्या रेघेच्या अलीकडे आपण, पलीकडे निशाण. रायफलीचे तोंड कोणत्याही परिस्थितीत, रिकामी असो वा भरलेली असो, पलीकडेच. आणि आज्ञा झाल्याखेरीज ही रेघ ओलांडावयाची नाही. दुसरा नियम असा की प्रत्येक हत्यार भरलेलेच आहे असे समजून हाताळावयाचे. तिसरा, नेम पूर्ण लागेपर्यंत बोट चापावर ठेवावयाचे नाही. चौथा, आपले लक्ष्य कोणते आणि त्याच्या मागे काय आहे हे ठाऊक असल्यावाचून बार काढावयाचा नाही. मुलांनी हे नियम पाढ्यासारखे म्हटले. पण सुभेदारांचे समाधान म्हणण्याने होत नसे. ते मध्येच एखाद्याच्या हाती लाकडी दांडके देत आणि मागून त्याचे नाव घेऊन हाक मारीत. मुलगा दांडक्यासकट गर्रकन वळला की म्हणत, “मागचे पाच जण गेले. पुन्हा.”

रायफल हाती आल्यावरही तीत छर्रा नसतो. नळीतून आरपार एक नारिंगी प्लास्टिकचा दोर घातलेला असतो. तो दिसला म्हणजे हत्यार रिकामे आहे हे लांबून कोणासही कळावे. जागतिक स्पर्धांतही हीच रीत आहे. मग आठवड्यांमागून आठवडे कोरडा सराव चालतो: उभे राहावयाचे, श्वास सोडावयाचा, माशी व निशाण एका रेषेत आणावयाचे, चाप हळूच दाबावयाचा आणि काहीही न सुटता पुन्हा रायफल खाली घ्यावयाची. नामांकित नेमबाजही आपल्या सरावाचा मोठा भाग असाच रिकाम्या रायफलीवर करतात. छर्रे मिळू लागल्यावर नवा नियम येतो: कोठीत काही खावयाचे नाही आणि बाहेर पडताना हात साबणाने धुवावयाचे, कारण शिसे हे विष आहे. आमच्या नातीने पहिला खरा छर्रा मारला तो चौथ्या शनिवारी. तो चांदाला लागला नाही. तिने तो वाईट मानला नाही. सुभेदारांनीही मानला नाही.

ह्या चार शनिवारांत आम्हांस सर्वांत मोलाचा वाटलेला प्रसंग तिसऱ्या दिवशी घडला. एका मुलाचे वडील त्याला पाहावयास आले होते. गृहस्थ वजनदार, पांढरे कपडे, बरोबर दोन माणसे, आणि सदऱ्याखाली कमरेशी जे फुगले होते ते काय आहे हे सांगण्याची आमच्या जिल्ह्यात गरज पडत नाही. मोठी मुले रेघेवर उभी होती. ‘लोड’, ‘स्टार्ट’ ह्या आज्ञा होऊन गेल्या होत्या. मुलगा नेम धरून उभा आहे, याचे समोरून छायाचित्र घ्यावे असे त्या गृहस्थांच्या मनात आले आणि ते फोन काढून सरळ रेघेपुढे निघाले. त्यांचे पाऊल रेघेजवळ पडते न पडते तोच अगदी शेवटच्या जागेवरून एक बारीक आवाज आला, “स्टॉप!” ओरडणारा मुलगा अकरा वर्षांचा होता. सुभेदारांनी तोच शब्द पुन्हा मोठ्याने उच्चारला. क्षणात सर्व रायफली टेबलावर ठेवल्या गेल्या, त्यांची तोंडे निशाणाकडे, आणि मुले दोन पावले मागे सरली. कोठीत शांतता पसरली. गृहस्थ एक पाय उचललेल्या स्थितीत जागच्या जागी थांबले.

ह्या खेळातील नियम असा की धोका दिसला तर ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. तेथे वय, हुद्दा, नातेगोते काही पाहावयाचे नाही. आणि तो शब्द ऐकला की प्रत्येकाने थांबावयाचे; का थांबलो हे नंतर विचारावयाचे. सुभेदार त्या गृहस्थांजवळ गेले व शांतपणे म्हणाले, “साहेब, इथं भरलेलं हत्यार आत आणायची परवानगी मलाही नाही. गाडीत कुलपात ठेवून या. मग मागच्या बाकावर बसून पाहा.” बरोबरची माणसे पुढे सरसावली; क्षणभर आम्हांस वाटले, आता काय होते कोण जाणे. पण गृहस्थांनी आपल्या मुलाकडे पाहिले. मुलगा मान खाली घालून, हात मागे बांधून, नियमाप्रमाणे रेघेच्या मागे उभा होता. गृहस्थ बाहेर गेले. पाच मिनिटांनी परत आले ते कमर रिकामी करून, आणि बाकावर आमच्या शेजारी बसले. पुष्कळ वेळाने ते हळूच म्हणाले, “आम्हांला हे कुणी शिकवलंच नाही.” ह्या जिल्ह्यात एका अकरा वर्षांच्या मुलाच्या शब्दावर एक हत्यारबंद गृहस्थ थांबला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले म्हणून लिहितो, ऐकीव असते तर लिहिण्यास धजलो नसतो.

तेव्हापासून आम्ही आपल्या जुन्या कथा निराळ्या दृष्टीने वाचू लागलो आहोत. द्रोणाचार्यांच्या परीक्षेत अर्जुनाला पक्ष्याचा डोळाच तेवढा दिसला, ही गोष्ट एकाग्रतेचा धडा म्हणून आपण मुलांना सांगतो. परंतु महाभारतात तो पक्षी खरा नव्हता, कारागिरांकडून करवून झाडावर बसविलेला होता, हे आपण सांगत नाही. राजपुत्र एकेक करून पुढे बोलाविले गेले, धनुष्य ताणून आज्ञेची वाट पाहत उभे राहिले, आणि ज्यांची उत्तरे पटली नाहीत त्यांस बाण न सोडताच बाजूला व्हावे लागले, हेही आपण गाळतो. आचार्यांनी कृत्रिम निशाण लावले, एका वेळी एकच धनुर्धर उभा केला आणि आपल्या शब्दावाचून बाण सुटू दिला नाही. चांदमारीची सारी शिस्त तेथे आहे. उलट दशरथाची कथा पाहा. शब्दवेधी बाण मारता येतो ह्या तारुण्यातील अभिमानाने त्याने अंधारात, पाण्यात भरणाऱ्या घागरीचा आवाज ऐकून, हत्ती आहे असे समजून बाण सोडला आणि श्रावणाचा जीव गेला. त्याचा नेम चुकला नव्हता. नेम अचूक होता, हाच तर अनर्थ. लक्ष्य कोणते हे पाहिल्यावाचून बार काढू नये, हा चौथा नियम आमच्या पूर्वजांनी एका बापाच्या पुत्रशोकाच्या रूपाने लिहून ठेवला आहे.

कोणी म्हणेल, हे सर्व खरे. पण अखेर मुलांच्या हाती हत्यारच देता ना? ज्यास नेम येतो तो उद्या निशाणाऐवजी माणसावर धरणार नाही याची हमी कोणती? ह्या आक्षेपाचे पूर्ण निरसन आम्ही करू शकत नाही. शिस्तीने माणूस संत होत नाही, आणि उत्तम शिकलेल्यांच्या हातूनही जगात दुष्कृत्ये झाली आहेत. आम्ही इतकेच म्हणतो की आमच्या मुलांना बंदुकीचे दर्शन होणारच नाही अशी स्थिती राहिलेली नाही. ते वरातीत होते, फोनच्या पडद्यावर होते, जत्रेतील फुग्यांच्या दुकानात होते. जत्रेतील ती छऱ्याची बंदूक पाहा: दहा रुपयांत कोणाच्याही हाती येते, भरलेली असतानाच पोरगे मागे वळून आईला हाक मारते, आणि नळी सगळ्या गर्दीवरून फिरून जाते. साडेचार मिलिमीटर नळीची व ठरावीक मर्यादेहून कमी शक्तीची हवाई रायफल घेण्यास परवाना लागत नाही, म्हणून पुष्कळ घरांत तिला खेळणे समजतात. तिचा छर्रा डोळा घालवू शकतो, आणि पाटोद्याकडच्या नायगावच्या रानातला मोरही मारू शकतो. प्रश्न बंदूक दिसावी की न दिसावी हा नव्हेच. ती प्रथम कोणाच्या हाती, कोणत्या नियमांसह दिसावी, हा आहे. वरातीतील बंदूक मुलाला सांगते की बार काढणारा तो मोठा. पांढऱ्या रेघेमागची रायफल सांगते की बार न काढता उभे राहता येणारा तो शिकला.

ह्या संबंधात एक नाव आठवते. भारताची राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे होते. नेमबाजीची अखिल भारतीय स्पर्धा आजही त्यांच्या नावाने भरते. मावळंकर हे मराठी कुळातले, अहमदाबादेतले वकील, गांधीजींचे अनुयायी, सत्याग्रहात तुरुंगात गेलेले. अशा मनुष्याने रायफल संघटनेचे अध्यक्षपद स्वीकारावे यात वरवर विसंगती दिसते. पण सभागृहात जो सभापती असतो तोच मैदानावर आज्ञा देणारा अधिकारी. दोघांचे काम, सर्वांस बोलण्याची शक्ती असता एकाच वेळी एकालाच बोलू देणे आणि ‘थांबा’ म्हटले की थांबविणे, हेच. आम्हांस तरी ही विसंगती आता वाटत नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो अधिक खरा आहे. स्पर्धेची रायफल लाखांच्या घरात जाते. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांच्या मुलाने ती कोठून आणावी? पण आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे सैन्यात जाऊन अडथळ्यांच्या शर्यतीत आशियाचे सुवर्णपदक घेऊन आले. अंजली भागवत यांनी राष्ट्रीय छात्र सेनेतून रायफल हाती धरली व २००० साली सिडनीत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये जगज्जेत्या ठरल्या. संस्थेची रायफल आणि संस्थेचे मैदान असेल तर घरच्या श्रीमंतीवाचून वाट निघते, असे ही उदाहरणे सांगतात. कोल्हापूरला जी परंपरा आहे ती मराठवाड्यात नाही, याचे कारण मुलांचे डोळे नव्हेत. जिल्ह्याच्या गावी एक सार्वजनिक मैदान असावे. हवाई रायफलीस दहा मीटरांची भक्कम बंदिस्त कोठी पुरते; .२२ ला मात्र तिची गोळी किलोमीटराच्याही पलीकडे जाऊ शकते हे ध्यानात घेऊन मागे उंच मातीचा बांध हवा, आणि त्या बालाघाटच्या डोंगरांनी आमच्या येथे फुकट बांधून ठेवल्या आहेत. परवाने वाटताना जेवढा उत्साह दिसला त्याचा दहावा हिस्सा येथे दिसला तरी काम होईल.

आत्याबाईंना आम्ही पाहिले ते सर्व सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि एकच अट घातली: रायफल घरात यावयाची नाही. आमच्या नातीने हसून सांगितले की तो नियम सुभेदारांचाच आहे. सगळ्या रायफली कोठीतल्या लोखंडी कपाटात कुलपात राहतात, छर्रे दुसऱ्या कपाटात, आणि किल्ल्या एकाच माणसाकडे. आत्याबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “तिथंच बसू द्या तिला. जा तू.” ही संमती पूर्ण नाही, आणि ती पूर्ण असावी असा आग्रहही आम्ही धरीत नाही. पेवात बसलेल्या मुलीचे भय सत्याहत्तर वर्षांनी कोणाच्या युक्तिवादाने जावे, ही अपेक्षा अन्यायाची होईल. उलट ते भय घरात जागे आहे म्हणूनच रायफलीची जागा कुलपात आहे हे आम्ही विसरणार नाही.

ज्या आईबापांपुढे हा प्रश्न येईल त्यांस आमची एवढीच विनंती आहे. वर्गातील मुलांनी किती पदके मिळविली हे शेवटी विचारा. आधी स्वतः जाऊन बसा आणि पाहा: रेघ आखलेली आहे काय, निशाणामागे भिंत कोणती आहे, रिकाम्या रायफलीत दोर दिसतो काय, हत्यारे व छर्रे रात्री कोठे राहतात, आणि सर्वांत लहान मूल ‘थांबा’ म्हणाले तर सर्वांत मोठा मनुष्य थांबतो काय. ह्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तर मुलास खुशाल पाठवा. ‘नाही’ असेल, तर तेथे कितीही पदके लटकत असली तरी मुलाचा हात धरून घरी परत या.